वाल-ओ-मॅट रिव्ह्यू: फुकट आहे, भारी आहे, पण खालच्या आजींना उपयोग नाही

आधीच सांगतो, हा वाल म्हणजे बिरड्याचा वाल नाही. जर्मनमध्ये वाल म्हणजे निवडणूक, आणि वाल-ओ-मॅट ही एक वेबसाइट कम ॲप आहे. त्यात ३८ विधानं असतात, प्रत्येकाला पटतं, पटत नाही किंवा न्यूट्रल असं बटण दाबायचं, आणि शेवटी ते सांगतं की कुठल्या पक्षाशी तुमचं किती टक्के जुळतं. आपल्याकडे लग्नाआधी ३६ पैकी किती गुण जुळतात ते बघतात ना, सेम तसंच, फक्त इथे दोन जास्त आहेत आणि मंगळाची भानगड नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा. २०१५ च्या ऑक्टोबरात मास्टर्सला केम्निट्सला आलो, पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यात, मग इथेच नोकरी लागली आणि इथेच राहिलो. गंमत बघा, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि केम्निट्सला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, त्यामुळे इथल्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या लाल विटांच्या भिंती बघितल्या की मला उगाच घरची आठवण येते. २०२४ च्या शेवटी जर्मन नागरिकत्व मिळालं, भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागला, त्या दिवशी आई फोनवर जेवलास का एवढंच विचारून गप्प बसली. असो. तर २३ फेब्रुवारी २०२५ ला माझं आयुष्यातलं पहिलं जर्मन मत. गावाकडे मतदान कसं करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही, गल्लीतलं पोरगं येऊन स्लिप देतं, वर कुणाला द्यायचं तेही सांगून जातं. इथे पोस्टाने एक पत्र आलं आणि विषय संपला. रिंगणात पक्ष किती, तर २९. आता २९ पक्षांचे जाहीरनामे वाचायला मी काही रिटायर झालेलो नाही. म्हणून हे वापरून बघितलं.

आधी प्रॉडक्टबद्दल. हे सरकारी आहे बरं का, राजकीय शिक्षणासाठी इथे एक केंद्रीय संस्था आहे, गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत, ती हे २००२ पासून चालवते, मूळ आयडिया डच लोकांची. सरकारी म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं तसं काही नाही, लॉगिन नाही, ओटीपी नाही, मोबाइल नंबर नाही, दहा-पंधरा मिनिटांत काम खल्लास. २०२१ च्या निवडणुकीत २ कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं होतं. विधानं काढायचं काम तरुण मतदारांची एक टीम करते, २६ च्या आतली पोरं-पोरी, सोबत राज्यशास्त्रवाले, आकडेवारीवाले वगैरे. ऐंशीच्या आसपास विधानं सगळ्या पक्षांना पाठवतात, पक्ष स्वतःच आपली उत्तरं देतात आणि त्यामागचं कारण लिहितात, मग ज्यात पक्षापक्षांतला फरक नीट दिसतो अशी ३८ ठेवतात. हे मला फार आवडलं, कारण इथे कुणी पत्रकार किंवा ॲल्गोरिदम ठरवत नाही की अमुक पक्षाचं मत काय, त्या पक्षाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मार्क द्यायची पद्धत एकदम सोपी आहे. तुमचं आणि पक्षाचं उत्तर सेम असेल तर २, एक जण न्यूट्रल असेल तर १, उलटं असेल तर ०. जो मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो त्याला डबल वजन देता येतं, नको तो सोडून देता येतो. त्यामुळे एक गोष्ट होते की टक्केवारी फार खाली जातच नाही, ज्यांचं तोंड बघायची इच्छा नाही त्यांच्याशीही चाळीस टक्के जुळतं. माझं एएफडी या स्थलांतरविरोधी, कडव्या उजव्या पक्षाशी ३७ टक्के जुळलं, बायकोने स्क्रीनशॉट काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला, तिचा मी काय तो हिशोब नंतर करीनच. पण घाबरायचं कारण नाही, न्यूट्रलचे अर्धे मार्क असेच गोळा होतात.

अजून एक, आधी यात एका वेळी आठच पक्ष निवडून तुलना करता यायची. २०१९ च्या युरोपियन निवडणुकीआधी व्होल्ट नावाचा छोटा पक्ष कोलोनच्या कोर्टात गेला, म्हणाला यात आमच्यासारख्या छोट्यांवर अन्याय होतो, आणि कोर्टाने ऐन निवडणुकीच्या आठवड्यात बंद ठेवायला सांगितलं. मग तोडगा निघाला, दोन-तीन दिवसांत परत चालू झालं. आता सगळे पक्ष एका यादीत येतात, अगदी मार्क्सवादी-लेनिनवाद्यांपासून ते एएफडीपर्यंत, कुणालाही वेगळी पाटी लावलेली नसते. काही जणांना हे खटकतं. मला नाही खटकत, मतपत्रिकेवर जे आहेत ते यात असायलाच पाहिजेत.

इथपर्यंत पाच स्टार. आता आजी.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, पंच्याहत्तरच्या आसपास. आम्ही एकमेकांना तुम्ही-तुम्ही करतो, आडनावाने हाक मारतो, इथली पद्धतच ती, पण मनात मी त्यांना आजीच म्हणतो. नाताळात श्टोलेन नावाचा केक देतात, आमची मुलगी तापाने फणफणली तेव्हा रात्री अकराला थर्मामीटर घेऊन वर आल्या होत्या. पूर्वी त्या कापडाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होत्या, ड्रॉइंग ऑफिसमध्ये. हे शहर तेव्हा कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, १९९० ला लोकांनी मत देऊन जुनं नाव परत आणलं, पण मार्क्सचं ते सात मीटरचं मुंडकं अजून चौकात आहे, लोकल लोक त्याला निशेल म्हणतात. दोन जर्मनींच्या एकीकरणाच्या थोडं आधी, १९९० मध्येच, पूर्वेकडचे सरकारी कारखाने विकायला ट्रॉयहांड नावाची संस्था काढली होती, तिने काही विकले, बरेच बंद झाले, आजींचाही बंद झाला, तेव्हा त्या चाळिशीत होत्या. मुलगा कामासाठी स्टुटगार्टकडे गेला तो तिकडचाच झाला. इचलकरंजीत यंत्रमाग भंगारात विकलेली घरं मी बघितलीयत, त्यामुळे मला हे कुणी पुस्तकातून समजावून सांगायची गरज पडली नाही.

रविवारी चार वाजता कॉफी-केकला बोलावतात. फेब्रुवारीत एकदा असाच गेलो तर विषय निघाला, मी म्हटलं चला तुमचं पण बघूया, आणि मुलाने दिलेल्या टॅबलेटवर, ज्यावर त्या फक्त हवामान बघतात, वाल-ओ-मॅट उघडलं. गुण जुळवण्याचं उदाहरण पण दिलं, त्यांना फार गंमत वाटली, म्हणाल्या तुमच्याकडे हे लग्नाआधी करतात हे शहाणपणाचं आहे, मी नंतर केलं.

मी एकेक विधान मोठ्याने वाचत गेलो. जर्मनीने युक्रेनला लष्करी मदत चालू ठेवावी? नाही. किमान वेतन तासाला १५ युरो करावं? हो, डबल. नवीन भाडेकरूंच्या भाड्यावर कायद्याची मर्यादा असावी? हो, आणि तुम्ही हे विचारताय तरी कसं. दुसऱ्या युरोपियन देशातून आलेल्या आश्रय मागणाऱ्यांना सीमेवरूनच परत पाठवावं? हो, डबल. राज्यघटनेतली कर्जाची मर्यादा, म्हणजे सरकारने अमुक एवढ्यापेक्षा जास्त कर्ज काढू नये हा नियम, ठेवावा? ठेवावा, घर कर्जावर चालवत नाहीत. मग निकाल आला. सगळ्यात वर बीएसडब्ल्यू, म्हणजे साहरा वागेनक्नेश्त यांचा नवा पक्ष, पैशाच्या बाबतीत डावा आणि स्थलांतराच्या बाबतीत कडक. एएफडी बरीच खाली. कारण उघड आहे, १५ युरो ही काही एएफडीची मागणी नाही, भाड्यावरची मर्यादा त्यांना नकोच आहे, टॅक्स कमी करायचे आहेत ते मुख्यतः वरच्या लोकांचे. बर्लिनच्या डीआयडब्ल्यू या अर्थशास्त्रवाल्या संस्थेने २०२३ मध्ये हेच मांडलं होतं, एएफडी पॅराडॉक्स नाव देऊन, की त्यांचे कार्यक्रम राबवले तर सगळ्यात जास्त फटका त्यांच्याच मतदारांना बसेल.

मी आपला खूश, म्हटलं बघा आजी, तुमचा पक्ष सापडला. त्यांनी चष्मा वर केला, यादी बघितली आणि म्हणाल्या, ही बाई टीव्हीवर चांगली बोलते पण हे पण गेले की सरकारात. खरं होतं ते. २०२४ च्या सप्टेंबरात थुरिंगियात बीएसडब्ल्यूला पहिल्याच झटक्यात १५.८ टक्के मिळाली होती, आणि डिसेंबरात ते तिथे सीडीयू आणि एसपीडी या जुन्या मोठ्या पक्षांबरोबर सत्तेत बसले, ब्रांडेनबुर्गमध्ये एसपीडीबरोबर. आजींच्या हिशोबात त्या दिवशी ते वरचे लोक झाले. इथे दी दा ओबन म्हणतात, ते वर बसलेले.

मग म्हटलं, पण एएफडीशी तुमचं जुळत नाहीये. तर म्हणाल्या, माहितीये मला, मी काय लग्न करतेय का त्यांच्याशी, मला बाकीच्यांना घाबरवायचंय.

आता सांगा, या वाक्यासाठी वाल-ओ-मॅटमध्ये कुठलं बटण आहे? सुरुवातीला म्हटलं ना मंगळाची भानगड नाही, गडबड नेमकी तिथेच आहे. पत्रिका सगळी जुळली पण मंगळ बघायचाच राहिला. ॲप धरून चालतं की माणूस मत देतो ते मुद्द्यांवर, आणि आजींसारखे लाखो लोक मत देतात ते माणसांवर, तेही विरोधात.

जर्मनमध्ये याला शब्द आहे, डेंकत्सेटेल, शब्दशः आठवण राहावी म्हणून दिलेली चिठ्ठी, आपण धडा शिकवणे म्हणतो तसं. इथे निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी हा शब्द पेपरात हमखास दिसतो. आपल्याकडे निदान नोटा तरी आहे, २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांच्या वर मतं पडून तो दुसऱ्या नंबरवर आला होता. इथे नोटा नाहीच. कागद कोरा टाकला की अवैध, मोजला जातो आणि विसरला जातो. मग राग आला की तो टाकायचा कुठे? वरच्यांना ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होईल त्याच्या नावापुढे फुली.

आणि हे काही एएफडीपासून सुरू झालेलं नाही. १९६८ ला बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये कडव्या उजव्या एनपीडीला ९.८ टक्के, १९८९ ला पश्चिम बर्लिनमध्ये रिपब्लिकानर या तशाच उजव्या पक्षाला ७.५, १९९२ ला परत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये त्यांनाच १०.९. म्हणजे हे फक्त पूर्वेच्या लोकांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा, तो श्रीमंत पश्चिमेकडचा भाग आहे. १९९८ ला सॅक्सनी-आनहाल्टमध्ये डीव्हीयूने तर कमाल केली, म्युनिकच्या एका पेपरवाल्या मालकाचा पक्ष, तिथे धड कार्यकर्ते नाहीत, नुसत्या पाट्या आणि टपालाने पत्रकं, तरी १२.९ टक्के! २००४ ला आमच्या सॅक्सनीत हार्ट्झ फोर म्हणजे बेरोजगार भत्त्याच्या कापाकापीवर लोक चिडलेले असताना एनपीडी ९.२ टक्के घेऊन विधानसभेत. पण हे सगळे पक्ष पाच-दहा वर्षांत विझले. आत गेल्यावर आपसात भांडले, काम शून्य, लोक कंटाळले, मग चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाने.

एएफडी विझली नाही. का, यावर इथल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज पीएचडी होते, मी माझं मत देतो. नाव बघा पक्षाचं, जर्मनीसाठी पर्याय. अंगेला मेर्केल यांच्या काळात युरो वाचवायच्या पॅकेजांबद्दल आल्टरनाटिव्हलोस, म्हणजे याला पर्यायच नाही, असं इतकं बोललं गेलं की २०१० चा वर्षातला वाईट शब्द म्हणून त्याची निवड झाली. २०१३ ला काही प्रोफेसर मंडळींनी युरोविरोधात पक्ष काढला आणि नाव ठेवलं पर्याय. पहिल्या निवडणुकीत ४.७ टक्के, संसदेत जायला साधारण पाच टक्के लागतात, त्या उंबरठ्यावर अडकले. मग प्रोफेसर बाहेर, स्थलांतराचा विषय आत. २०१७ ला १२.६. तेव्हा मतदानाच्या दिवशीच्या सर्व्हेत एएफडीच्या साठ टक्क्यांच्या आसपास मतदारांनी सांगितलं होतं की बाकीच्यांवर वैतागून दिलं. दोन मोठे पक्ष, सीडीयू आणि एसपीडी, एकत्र सरकारात बसलेले, २००५ ते २००९ आणि परत २०१३ ते २०२१, मग सरकारवर चिडलेल्याने जायचं कुठे? सत्ताधारी आणि मुख्य विरोधक एकाच ताटात जेवताना दिसले की तिसऱ्याचं दुकान चालतंच, हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

त्यानंतर तीन रंगांचं आघाडी सरकार आलं, एसपीडी, ग्रीन आणि एफडीपी. महागाई, गॅसची बिलं, २०२३ मध्ये घरातल्या हीटिंगचा कायदा, ज्यात आधी काय बदलायचं, कधी बदलायचं, पैसे कोण देणार यावर मंत्र्यांचीच टीव्हीवर भांडणं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. त्याच जूनमध्ये थुरिंगियातल्या झोनेबर्गमध्ये एएफडीचा पहिला जिल्हाप्रमुख निवडून आला. ६ नोव्हेंबर २०२४ ला सरकार फुटलं, डिसेंबरात माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात एकाने गर्दीत गाडी घातली, जानेवारीत आशाफेनबुर्गला चाकूहल्ला, आणि प्रचारात बोलायला एकच विषय उरला, स्थलांतर.

निवडणुकीचा दिवस थोडक्यात सांगतो. शाळेत बूथ, रांग नाही, शाई नाही, पेन्सिलीने फुली केली तरी चालते. संध्याकाळी सहाला मतदान बंद आणि सहाच्या ठोक्याला टीव्हीवर अंदाजाचे खांब वर चढायला लागतात, आपल्यासारखं दोन-तीन दिवस नखं खात बसायचं नाही. सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडीदार सीएसयू मिळून २८.५, एएफडी २०.८, म्हणजे आधीच्या वेळेच्या दुप्पट, एसपीडी १६.४. बीएसडब्ल्यू ४.९८, साडेनऊ हजारांच्या आसपास मतांनी हुकली, आजींचा वाल-ओ-मॅटवाला नंबर वन पक्ष संसदेबाहेर. मतदान ८२.५ टक्के, एकीकरणानंतरचं सर्वाधिक, आणि सर्व्हेवाल्यांच्या हिशोबाने एएफडीला सगळ्यात जास्त नवीन मतं मिळाली ती आधी घरी बसणाऱ्यांची. आजी त्यातल्याच, १९९८ ला एसपीडीच्या श्रोएडरना मत दिलं, हार्ट्झ फोरनंतर बूथचं तोंड बघितलं नव्हतं. आपल्याला शाळेत शिकवतात की मतदान वाढलं की लोकशाही मजबूत, तर बघा. पूर्वेच्या पाचही राज्यांत एएफडी पहिली, आमच्या सॅक्सनीत ३७.३. केम्निट्सची सीट अलेक्सांडर गाऊलांड यांनी घेतली, जे स्वतः चाळीस वर्षं सीडीयूत होते, हे पण वरच्यांविरुद्ध बंड म्हणायचं! पश्चिमेत गेल्झेनकिर्शेन, जुनं कोळशाचं गाव, एसपीडीचा बालेकिल्ला, तिथेही दुसऱ्या मतात, म्हणजे पक्षाला द्यायच्या मतात, एएफडी पुढे. आणि १८ ते २४ च्या पोरांत पहिला नंबर दी लिंक या डाव्या पक्षाचा, दुसरा एएफडीचा, म्हणजे चिठ्ठी दोन्ही बाजूंनी.

अजून एक आकडा मला झोपू देत नाही. या वेळच्या सर्व्हेत एएफडीच्या अर्ध्याहून जास्त मतदारांनी सांगितलं की आम्हाला हा पक्ष पटतो म्हणून दिलं. २०१७ चं उलटं झालं. म्हणजे चिठ्ठी द्यायला गेलेली माणसं दोन-तीनदा जाऊन तिथलीच झाली. वैताग म्हणून एकदा ज्या टपरीवर चहा घ्यायला लागतो तिथेच पुढे आपलं उधारीचं खातं होतं, तसं. आणि टपरी बदललीय तोवर, थुरिंगिया, सॅक्सनी-आनहाल्ट आणि सॅक्सनी या तीन राज्यांच्या घटना-संरक्षण खात्यांनी, म्हणजे लोकशाहीला धोका कुणाचा ते बघणाऱ्या सरकारी गुप्तचर खात्यांनी, तिथल्या शाखा पक्क्या उजव्या-अतिरेकी ठरवल्या होत्या. जानेवारीत आमच्याच राज्यात रीझाला त्यांचं अधिवेशन झालं, त्यात पक्षाच्या नेत्या आलिस वाइडेल यांनी रेमिग्रेशन हा शब्द स्टेजवरून उघड घेतला, म्हणजे लोकांना परत पाठवणं. मी टीव्ही बघत होतो आणि टेबलावर माझा तीन महिने जुना पासपोर्ट होता. आजींना विचारलं, यावर तुमचं काय. त्या म्हणाल्या, ते तुमच्याबद्दल नाही हो. मग केकचा दुसरा तुकडा वाढला. त्यांच्या मनात खोट नाही हे मला माहितीये, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथे चाकूने एकाचा खून झाल्यावर जो जमाव रस्त्यावर उतरला तो माणसाचा चेहरा बघून मागे लागत होता, पासपोर्ट बघून नाही, हेही मला माहितीये, मी त्या संध्याकाळी खोलीचा लाइट बंद करून बसलो होतो. दोन्ही गोष्टी घेऊन मी जिना चढतो-उतरतो.

आता ती पुढे लागेल म्हटलेली गोष्ट. पक्ष आपली उत्तरं स्वतः लिहून देतात ना, तर कर्जाच्या मर्यादेवर सीडीयूचं उत्तर होतं ठेवावी. प्रचारातही तेच. निवडणूक झाली २३ फेब्रुवारीला आणि १८ मार्चला, नवीन संसद बसायच्याही आधी, जुन्या संसदेत दोन तृतीयांश बहुमत जमतंय म्हणून तिलाच बोलावून घटनादुरुस्ती केली, संरक्षणखर्चाला मर्यादेतून सूट आणि वर ५०० अब्ज युरोंचा वेगळा फंड. नवीन संसद २५ मार्चला बसली. मला विचाराल तर हा पैसा लागणारच होता, इथले पूल आणि रेल्वे बघितलीत तर तुम्हीही म्हणाल काढा कर्ज. पण वाल-ओ-मॅटवर तुम्ही त्या विधानाला डबल वजन देऊन सीडीयूला मत दिलं असेल तर तुमची वॉरंटी महिनाभरही टिकली नाही. ॲपचा यात दोष शून्य, दुकानदाराने फक्त पाटीवर जे लिहिलं होतं ते दाखवलं. एएफडीला मात्र त्या आठवड्यात प्रचार करायची गरजच पडली नाही, बातम्या लावल्या की झालं.

बाकी छोट्या गोष्टी पटापट. विधानांची भाषा सोपी आहे, बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असेल तर डिक्शनरी घेऊन निभतं. पक्षांनी लिहिलेली कारणं जरूर वाचा, खरा मसाला तिथे आहे, टक्केवारी बघून ॲप बंद करणारा माणूस अर्धी आमटी टाकून उठल्यासारखा आहे. गावात बाजाराच्या चौकात याचं मोठं बोर्डांवर गोल स्टिकर चिकटवायचं व्हर्जनही येतं कधीकधी, पोरांना घेऊन जा, त्यांना स्टिकरची मजा आणि तुम्हाला शेजाऱ्यांचा अंदाज. निकालाचा स्क्रीनशॉट बायकोच्या हाती लागू देऊ नका.

आणि आर्काइव्ह! हे फीचर कुणी सांगत नाही. जुन्या सगळ्या निवडणुकांचे वाल-ओ-मॅट साइटवर तसेच ठेवलेत, कुठल्या पक्षाने कुठल्या साली काय लिहून दिलं होतं ते परत उघडता येतं. एप्रिलमध्ये आजींनी जिन्यात अडवलं आणि म्हणाल्या, ते तुमचं लग्नाचं यंत्र अजून चालतं का, मला तो कर्जाचा प्रश्न परत बघायचाय. उभ्याउभ्याच फोनवर उघडून दिलं. त्यांनी सीडीयूचं कारण पूर्ण वाचलं, अक्षर मोठं करून, मग विचारलं याची प्रिंट निघते का. ऑफिसातून काढून आणली. ती आता त्यांच्या फ्रिजवर आहे, कचरा उचलायच्या तारखांच्या कागदाशेजारी, केक कापताना समोरच दिसते.

पाचपैकी साडेतीन स्टार. आर्काइव्हसाठी अर्धा वाढवला असता, पण त्या फ्रिजवरच्या कागदाचं पुढे काय होणार ते मला अजून कळत नाहीये, म्हणून तूर्तास साडेतीनच.